गेल्या पुलानं परत

१

नंदा उठली ती सवयीनं. बाहेर झुंजुमुंजू झालं होतं, शेजारी तिचा नवरा दौलत घोरत होता. तिनं केसांचा अंबाडा घातला, गॅसवर पाणी ठेवलं, कोमट झालं तसं टबात ओतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि टब मधल्या खोलीत नेऊन खाटेच्या पायथ्याशी ठेवला. चादर काढायला वाकली तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की खाटेवर कुणी नाही. सासूबाईंचं तेरावं होऊनसुद्धा बरेच दिवस उलटले होते.

तिला हसू आलं. हसू कसलं, दमलेल्या माणसाला हसायलाही जीव लागतो. तिची एकुलती एक लेक संचिता चौथीत होती, तेव्हा सासूबाईंना, म्हणजे मंजुळाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. संचिताची शाळा झाली, कॉलेज झालं, ठाण्याला नोकरी लागली, लग्न होऊन ती कोपरला नांदायला गेली, तरी मंजुळाबाई आपल्या खाटेवरच. पुसणं, भरवणं, कूस बदलून देणं, चादरी धुणं, सगळं नंदानं केलं. लोक म्हणायचे, नंदा म्हणून टिकली हो, दुसरी कुणी असती तर केव्हाच माहेरी पळाली असती. असं म्हणायचे आणि चहा पिऊन आपापल्या घरी जायचे.

टब तसाच ठेवून ती स्वयंपाकघरात आली. दौलतला चहा दिला, डबा भरून दिला, तो कामाला गेला. मग टब उचलायला मधल्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. टबातलं पाणी गढूळ झालं होतं. वर साबणाचा बारीक फेस होता. टॉवेल ओला करून, पिळून खाटेच्या दांडीवर वाळत घातलेला होता.

झोपेत माणूस काय काय करतो, आपणच बुचकळला असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. म्हणण्यापुरतं ते तिला पटलंही. पण त्या दिवशी तिनं टॉवेल उचलला नाही.

२

वाचा गेल्यापासून मंजुळाबाईंना काही हवं असलं की त्या बऱ्या हातानं स्टीलची वाटी भिंतीवर आपटायच्या. पाण्याला एकदा, कूस बदलायची तर दोनदा, असं काही ठरलेलं नव्हतं. नंदा येईपर्यंत आपटायच्या. ती वाटी नंदानं तेराव्याच्या दिवशी बाकीच्या भांड्यांबरोबर देऊन टाकली होती. आठवणीनं टाकली होती म्हणा ना.

टॉवेलची गोष्ट घडली त्याच आठवड्यात, भर दुपारी, ती हॉलमध्ये पंख्याखाली आडवी झाली होती. डोळा लागतोय न लागतोय तोच भिंतीवर टक्क झालं. मग पुन्हा टक्क. नंदा उठून बसली सुद्धा नाही, तोंडातून निघून गेलं, ‘आले हो आई.’ बोलून झाल्यावर ती ताडकन उठली.

तिनं डोकं लढवलं. जुनं घर, सामाईक भिंत, पलीकडे कुणी खिळा ठोकत असेल. ती बाहेर पडून शेजारच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं. शेजारी गावाला गेलेले, हे तिला माहीतच होतं की. मग पाण्याच्या नळीत हवा भरली असेल. ती परत आली आणि मधल्या खोलीच्या भिंतीवर तळहात टेकून उभी राहिली. रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, दूर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. भिंत गार होती. बराच वेळ काही झालं नाही. हात काढणार एवढ्यात आवाज आला तो तिच्या तळव्याखालूनच, आणि हाडापर्यंत पोचला.

रात्री जेवताना तिनं दौलतला विचारलं. तो म्हणाला, त्याला तर बुवा काहीच ऐकू येत नाही. खोटं नव्हतं ते. आई जिवंत होती तेव्हाही त्याला कधी ऐकू आलं नव्हतं.

३

आता या गावाचं थोडं सांगायला हवं. कल्याणच्या पुढे, आंबिवलीच्या अंगाला, नदीकाठचं हे जुनं गाव. कधीकाळी इथं गलबतं लागायची म्हणतात. आता टॉवर लागतात. जुन्यापैकी उरले ते नदीवरचे दोन दगडी पूल, थोरला आणि धाकटा. थोरला गावातून निघून पलीकडच्या घाटावर उतरतो. तिथंच स्मशान. धाकटा जरा खालच्या अंगाला. मयताला नेताना थोरल्यावरून न्यायचं आणि लोकांनी परतायचं धाकट्यावरून, ही या गावची रीत. गेल्या पुलानं परत यायचं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, कारण धाकटा पूल होता आणि चार पावलं जास्त चालायला कुणाची ना नव्हती.

दोन पावसाळ्यांमागे धाकट्याची एक कमान खचली. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून तो बंद केला. तेव्हापासून सगळे थोरल्यावरूनच जातात आणि थोरल्यावरूनच येतात. सुरुवातीला म्हातारी माणसं कुरकुरली. मग त्यांची त्यांनाच सवय झाली.

मंजुळाबाईंचा दहावा घाटावर झाला. ऊन कडक होतं. गुरुजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळे होते. पुलाच्या कठड्यावर ओळीनं बसले होते. पण एक खाली उतरेल तर शपथ. दौलतनं हात जोडून सांगितलं, आई, वर्षश्राद्ध नीट करीन. नाही. नणंदेनं सांगितलं, तुझ्या दागिन्यांवरून आम्ही भांडणार नाही. नाही. कुणी म्हणालं नातीला सांभाळू, कुणी म्हणालं गावच्या देवीला ओटी भरू. कावळे ढिम्म.

नंदा सगळ्यांच्या मागे उभी होती. मंजुळाबाई गेल्या त्याआधी कितीतरी रात्री ती धड झोपली नव्हती, आणि गेल्यावर पाहुण्यांचा राबता. तिच्या पायांत गोळे आले होते. तिला घरी जाऊन पडायचं होतं, बस्स, दुसरं काही नाही. आणि आत कुठेतरी खात होतं, कारण शेवटच्या महिन्यांत तिनं रोज देवाकडे एकच मागणं मागितलं होतं, की सोडव. कुणाला सोडव, ते तिनं देवाला सांगितलं नव्हतं. म्हणून ती पुढे झाली, पदर खांद्यावरून घेतला आणि पुटपुटली, ‘आई, होतं तसंच तुमचं सगळं मी करीन. काही कमी पडू देणार नाही. चला आता.’

चला आता, हे कावळ्याला होतं. निदान तिच्या मनात तरी तसंच होतं.

वाक्य पुरं व्हायच्या आत कठड्यावरचा एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. सगळे हुश्श झाले. गुरुजी हसले आणि हातातला दर्भ खाली ठेवला. कावळा शिवत नाही म्हटल्यावर त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता. अजून जरा वेळ नंदा गप्प राहिली असती तर गवताच्या कावळ्यानं काम भागलं असतं.

मग सगळे थोरल्या पुलानं परत निघाले. पूल मध्यावर फुगलेला आहे, तिथवर चढ लागतो. नंदा सगळ्यात मागे होती. मध्यावर येताना तिला एकदम धाप लागली. पाठ भरून आली, खांदे ओढायला लागले, कठडा धरून ती उभी राहिली. नणंद म्हणाली, ऊन लागलं गं तुला. नंदानंही तेच धरलं.

४

पुढचे दिवस कसे गेले ते तिला विचारलं असतं तर तिनं नीट सांगितलं नसतं. काही मोठं घडत नव्हतं. खाटेवरची चादर ती सकाळी ताठ घालायची आणि दुपारी तिला भिंतीच्या बाजूला चुण्या पडलेल्या असायच्या. मधल्या खोलीतला तेलाचा वास फिनेलनं जात नव्हता. वाटी वाजायची. नंदा कानात कापूस घालून बघायची, टीव्ही मोठा करून बघायची. वाटी वाजायचीच, आणि ती उठून गेली की थांबायची. खोलीत जाऊन ती मोकळ्या खाटेपाशी उभी राहायची. मग कधीतरी, नक्की कधी ते तिलाही कळलं नाही, तिनं नुसतं उभं राहणं सोडलं. उशी सारखी करून द्यायची. पांघरूण ओढून द्यायची. तेवढं केलं की घटकाभर शांत जायचं. वेड लागलंय आपल्याला, असं ती मनात म्हणायची आणि हात चालूच असायचे.

पाठ मात्र वाकत चालली. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

संचिता एका रविवारी आली आणि आईला बघून दारातच थबकली. ‘तू आरशात बघितलंयस का स्वतःला?’ असं म्हणून तिनं पिशवी भरली आणि आईला कोपरला घेऊन गेली. महिनाभर राहायचं, नुसतं खायचं आणि झोपायचं. जावई संदेश चांगला मुलगा, त्यानं स्वतःहून आतली खोली रिकामी करून दिली. पहिल्या दिवशी नंदा खरंच झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी संचिता आंघोळीला गेली होती, नंदा चहा गाळत होती, आणि संचिताच्या बेडरूमच्या भिंतीवर टक्क झालं.

बाथरूममधून संचितानं विचारलं, ‘आई, काही हवंय का गं?’

नंदाच्या हातातलं गाळणं खाली पडलं. आत्तापर्यंत ती हे सगळं आपल्याच डोक्यात आहे असं धरून चालली होती, आणि त्यात एक आधार होता. तो गेला. आयुष्यभर तिनं एक गोष्ट पाळली होती. संचिताला तिनं त्या खाटेजवळ येऊ दिलं नव्हतं. पोरगी मदतीला आली की हाकलायची, अभ्यास कर म्हणायची. आपली उमर गेली ती गेली, पण हे पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. त्यासाठी तिनं सगळं सोसलं होतं. आणि आता आपणच हे पाठीवर घेऊन तिच्या घरात आणून सोडलं की काय? अंगात होते त्याच कपड्यांवर ती घरी परतली. संचिताला वाटलं, आईला आपलं काहीतरी लागलं.

५

दामाजी कोळी घाटाजवळ राहतो. पूर्वी नदीत जाळं टाकायचा, आता नदीत मासाच नाही, तर घाटावर बसलेला असतो. दहाव्याला तो तिथं होता. नंदानं त्याला सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटली, पण दुसऱ्या कुणाला सांगणार? त्यानं ऐकून घेतलं. जाणता वगैरे नव्हता तो. एवढंच म्हणाला, कावळ्यापुढं बोललेलं कावळ्यापुढंच फेडावं लागेल बहुतेक, अमावास्येला भाताचा गोळा ठेवून बघ.

‘आणि नाही शिवला तर?’ नंदानं विचारलं.

‘बाय, कावला काय माझ्या हातचा हाय?’ तो म्हणाला आणि पुलाकडे बघत बसला. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, की जायला एक आणि यायला एक असे दोन होते ते बरं होतं.

अमावास्येला संचिता रजा टाकून आली. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आईचं समाधान होत असेल तर होऊ दे. दोघी सकाळीच थोरल्या पुलावरून घाटावर गेल्या. नंदानं केळीच्या पानावर भात ठेवला, वर दही, तीळ घातले, आणि मागे सरून हात जोडले.

‘आई, मी दमले हो,’ ती म्हणाली. ‘जमेल तेवढं केलं. आता मला सोडा.’

कठड्यावरून कावळा उतरला. पानापाशी आला, मान तिरकी करून बघत राहिला. शिवला नाही.

नंदानं मग एकेक बोलायला सुरुवात केली. दर अमावास्येला भात ठेवीन. तुमच्या नावानं अन्नदान करीन. माझ्या माहेरची पाटली आहे ती देवीला घालीन. कावळा भातापासून हातभर अंतरावर, जागचा हलला नाही, उडालाही नाही. ऊन चढलं. नंदाचा घसा कोरडा पडला. तिला एकाएकी उमगलं की कावळा कशाची तरी वाट बघतोय, आणि ते काय आहे तेही उमगलं. त्याला अन्नदान नको होतं. करायला माणूस हवं होतं. एक नाही तर दुसरं.

तिनं ओठ घट्ट मिटले. आता काही बोलायचं नाही. भात राहू दे, घरी जायचं, खोली आहे, खाट आहे, करायचं मरेपर्यंत. ती संचिताला चल म्हणायला वळली.

पण संचिता आईचा चेहरा बघत होती. आईचे डोळे खोल गेलेले, एका कावळ्यासाठी तासन्‌तास उन्हात उभी. तिला भडभडून आलं. ती पुढे झाली आणि लहानपणी आजीशी बोलायची तशी लाडानं म्हणाली, ‘आजी, आईला सोड गं आता. तुझं मी करते.’

नंदानं तिचं तोंड दाबायला हात उचलला, तोवर कावळ्यानं भातात चोच घातली होती.

६

संचिता हसली. ‘बघ, शिवला की नाही? चल आता, माझ्या हातचं जेव.’

दोघी पूल चढायला लागल्या. धाकटा पूल पत्र्यांमागे गप्प होता. संचिता पुढे, नंदा मागे. मध्यापर्यंत नंदानं मान वर केली नाही. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागलेली नाही. पाठ सरळ झाली होती. किती महिन्यांनी तिनं पोटभर श्वास घेतला, आणि तो इतका गोड लागला की तिला रडू फुटलं. स्वतःची एवढी किळस तिला आयुष्यात आली नव्हती.

पुढे संचिता थांबली होती. ती वाकली, दोन्ही हात मागे घेतले आणि पाठीवरच्या लहान मुलाला वर सरकवतात तसा हलका झटका दिला. पाठीवर काही नव्हतं. ओढणीवर फक्त, खांद्याजवळ, कुणीतरी बोटांनी धरल्यासारख्या चुण्या पडल्या होत्या. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं नाही. चालायला लागली.

अजून वेळ होता. कावळा खाली भात टिपत होता, घाट मागे होता. परत जाऊन, पानापाशी उभं राहून, माझंच आहे, माझंच राहू द्या, एवढं म्हणायचं होतं. नंदा कठड्याला धरून उभी राहिली. जाते, असं तिनं मनाशी म्हटलं. पण पायांना ते ऐकू गेलं नाही. उद्या पहाटे येऊ, अंधार आहे तोवर येऊ, आज जरा पाठ टेकू दे. संचिताला तिनं आग्रह करकरून राहायला सांगितलं. पण ती म्हणाली की घरी कामं पडलीत. काय कामं ते सांगितलं नाही. पूल उतरताच रिक्षात बसून गेली.

त्या रात्री मधल्या खोलीतून काही आवाज आला नाही. तेलाचा वासही नव्हता. नंदानं पहाटेचा गजर लावला, दोनदा तपासला आणि आडवी झाली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन तिच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. दौलत कामाला गेला होता, गजर वाजून बंद झाला होता. अंग कसं हलकं होतं. उशाशी फोन वाजत होता. संचिताचा होता. नंदानं घाईघाईनं उचलला. पोरीचा आवाज खोल गेलेला, रात्रभर जागरण झालेल्या माणसासारखा.

‘आई,’ ती म्हणाली, ‘आजीला पाणी पाजताना मान कुठल्या बाजूला धरायचीस गं तू?’

नंदाला ओरडायचं होतं. तुला काय करायचंय, ठेव ती वाटी खाली, मी येते, असं म्हणायचं होतं. पण पलीकडे कुणीतरी घशात घरघरत होतं, आणि तो आवाज वाढत चालला होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिची जीभ तिच्या आधी बोलली.

‘डावीकडे,’ ती म्हणाली. ‘चमच्यानंच दे. घाई करू नकोस, ठसका लागतो त्यांना.’